अकरा वेळा उपटलेली वायर

पुसदच्या शीला राठोडच्या जिवाला आठवडाभर थारा नव्हता. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांना रक्तदाते शोधून देणारी एका संस्थेची वेबसाइट ती सांभाळत होती. नऊशे दात्यांची नावं आणि फोन नंबर संस्थेच्या सर्व्हरवर होते, आणि त्यावरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमची मुदत संपली होती. सुरक्षेचे अपडेट येणं बंद. सोमवारी तर कुणीतरी बाहेरून एकामागून एक पासवर्ड टाकून पाहत असल्याचं दिसलं. आत शिरला नव्हता, एवढंच.

"सगळ्यात नवी सिस्टम टाक ना," सोबत काम करणारा राजकुमार म्हणाला. "दर सहा महिन्याले नवं व्हर्जन येते."

"म्हंजे दर सहा महिन्याले माह्या जिवाले घोर!"

तिच्या मनात डेबियन ही सिस्टम होती. ओपन सोर्स, जगभरच्या लोकांनी मिळून सांभाळलेली, नव्याच्या मागे न धावणारी. पण नुसत्या नावावर विसंबायचं कसं? घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने ती टाकली, साइटची नक्कल चढवली आणि चालू कामात विजेची वायर उपटली. अकरा वेळा.

आई चहा घेऊन दारातच थबकली. "काहून छळून राह्यली त्या डब्याले?"

"याडी, आपल्या इथली लाइन त्याले याहून जास्त छळन."

अकराही वेळा दात्यांची यादी जशीच्या तशी वर आली.

रविवारी दुपारी तिने साइट बंद करून सर्व्हरवरची सिस्टम बदलायला घेतली. बारा मिनिटं झाली नाहीत तोच फोन वाजला. ढाणकीचे प्रेमसिंग, पुसदच्या दवाखान्यातून बोलत होते.

"बाई, पोरीले ओ निगेटिव्ह पाह्यजे. तुमची साइट उघडूनच नाही राह्यली!"

 काम मधेच सोडता येत नव्हतं. पण ओ निगेटिव्हवाले तालुक्यात मोजकेच. त्यातल्या गोविंदाचा नंबर तिला तोंडपाठ होता.

"गोविंदाभाऊ, कुठं हाये तुमी?"

"वावरात. तूर पाहून राह्यलो."

"तशेच निघा. दवाखान्यात."

चिखलाच्या पायांनीच तो गाडीवर बसला. साइट पाऊण तासात सुरू झाली. संध्याकाळी प्रेमसिंगांनी कळवलं, रक्त चढलं, पोरगी बोलायला लागली. पुढच्या वेळी साइट बंद ठेवण्याआधी प्रत्येक दवाखान्यात सांगायचं, हे शीलाने तिथेच ठरवलं.

बुधवारी नव्या सिस्टमचा पहिला अपडेट आला. सगळं सुरळीत चाललं होतं, तरी तो पुरा होईपर्यंत ती खुर्चीच्या टोकावर बसून होती.