निधीच्या चित्रातलं पाणी

येलहंक्यातल्या चित्रकलेच्या वर्गात दर रविवारी महानंदाच्या पोटात दुखायचं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं निधी.

निधी पुण्याची. व्हाइटफील्डला कॉम्प्युटरवरची नोकरी, वर्गात येऊन जेमतेम आठ महिने. महानंदा मूळची निपाणीची, पंचवीस वर्षं बंगळुरात काढलेली आणि या वर्गात चार वर्षं मुरलेली. वर्षाच्या अखेरीस वर्ग चालवणारे शरच्चंद्र सर सगळ्यांना एकच विषय द्यायचे, आणि त्यातलं एक चित्र मराठी मंडळाच्या सभागृहात लागायचं. तीन वर्षं ते महानंदाचंच लागलं होतं. घरी पाहुणे आले की ही काहीतरी निमित्त काढून त्यांना मंडळात घेऊन जायची. यंदा विषय होता कावेरीकाठची झाडी आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब, तैलरंगात.

महानंदाने आपलं चित्र आठवडाभर आधीच संपवलं. काठावरचं एकेक पान तिने बारीक ब्रशने पाण्यात उलटं उतरवलं होतं.

"पानं मोजता येतात की हो तुमच्या पाण्यात!" सर म्हणाले. "महानंदाबाई, प्रतिबिंब कोरायचं नसतं, ओढायचं असतं. ओल्या रंगावर, न भिता."

"सरी सर," तिने कानडीत होकार भरला. पण ओला रंग विस्कटायचा म्हटलं की तिच्या हाताला कापरं भरायचं. चार वर्षांत ते गेलं नव्हतं.

निधीचं चित्र अजून ओलंच होतं. काठ, खोडं, पानांतून झिरपणारा उजेड, सगळं असं साधलं होतं की बघून महानंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी तेवढं जरा ठोकळेबाज होतं, पण तेवढ्याने काय होतंय! कालची पोर, आणि देवाने हात दिला तो हिला. आपण काय देवाचं घोडं मारलं होतं?

अकराला सगळे खाली कॉफीला गेले. निकाल कॉफीनंतर होता. "स्वल्प पाय दुखतोय," म्हणून महानंदा वरच थांबली. तिने रुंद, कोरडा ब्रश उचलला आणि निधीच्या ओल्या पाण्यावर वरून खाली ओढला. एकदा, दोनदा, पाचदा. हात मुळीच कापला नाही. उलट बरं वाटलं, फार बरं वाटलं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, दचकून ब्रश आडवा निसटला, आणि ती घाईने खुर्चीत जाऊन बसली.

कॉफी संपवून सगळे वर आले, आणि सर एकेक चित्र बघत निधीच्या चित्रापुढे थांबले. वाकून पाणी निरखू लागले.

"याला म्हणतात पाणी!" ते शेवटी म्हणाले. "इकडे या सगळे."

महानंदाने मान उंचावून पाहिलं. झाडांच्या सावल्या खोल, मऊ झाल्या होत्या, आणि त्यांच्यावरून वाऱ्याची एकच आडवी रेघ सरकत होती. करायला गेली माकड आणि झाला गणपती! इतकं चांगलं पाणी तिने जन्मात रंगवलं नव्हतं.

"यंदा मंडळात हेच," सर म्हणाले. "महानंदाबाई, जरा जवळून बघा. असा हात पडायला हवा तुमचा."

निधी जिंकली, हे एक वेळ गिळता आलं असतं. पण रेघ आपली, पाणी आपलं, आणि खाली सही त्या पोरीची! हे मात्र महानंदाला सोसेना. मला चोर म्हणा, जळकुटी म्हणा, पण हात माझा म्हणा. ती उठली. "सर, ते पाणी..."

सर पुढच्या चित्राकडे वळले होते. निधीनेच तिला हाताला धरून खिडकीपाशी नेलं. महानंदाच्या बोटांवर हिरवा रंग होता. निधीने तो चिंधीने नीट पुसून काढला.

"अक्का, घाबरू नका," ती हळूच म्हणाली. "मला कळलंय. मी कुणाला कधीच सांगणार नाही."

आणि त्या मेलीने शब्द पाळला.