खिडकीचा एसी

रामोनिताला जाऊन सात महिने झाले होते. तिची धाकटी बहीण आविल्दा उन्हाळाभर राहायला म्हणून पोन्सेहून सान हुआनला आली आणि दुसऱ्याच सकाळी ताईच्या नवऱ्याला, हेरिबेर्तोला, म्हणाली, "भावजी, ताईच्या खोलीत माणसं झोपतात की पाव भाजतात? चला, नवा एसी घेऊ."

त्या खोलीत रामोनिताच्या आजारपणात आणलेला चाकांवरचा एसी होता. त्याचा जाड पाइप खिडकीच्या पत्र्याच्या पट्ट्यांमधून बाहेर काढलेला होता. एसीच्या दुकानात दुकानदाराने हे ऐकलं आणि मान हलवली.

"पट्ट्यांच्या खिडकीला तो कामाचा नाही, काका. पाइपाने गरम हवा बाहेर टाकतो, फटींतून तीच परत आत येते. नवा नेलात तरी तेच. खिडकीत बसवायचा घ्या. पट्ट्या काढायच्या, लाकडी चौकट ठोकायची, की झालं."

"यांच्या इमारतीत चालत नाही तो," आविल्दा म्हणाली. "कमिटीचा नियम आहे. ताईनेच मला फोनवर सांगितलं होतं. हो ना, भावजी?"

"कुठली इमारत?" दुकानदाराने विचारलं. हेरिबेर्तोने नाव सांगितलं, पुटपुटल्यासारखं.

"अहो, तिथे मागच्याच महिन्यात मी तीन बसवलेत!"

हेरिबेर्तोचे कान तापले. "नियम यंदा बदलला," तो म्हणाला.

आविल्दाने लगेच विश्वास ठेवला. रामोनितानेही असाच ठेवला होता. "असू दे," ती म्हणाली होती, "माझ्यासाठी त्या लोकांशी भांडू नकोस."

दुकानदार उद्या येऊन एसी बसवणार असं ठरलं. दोघं बसने परतली. इमारतीत आल्यावर लिफ्टमध्ये आविल्दाने पाचव्याऐवजी आठव्या मजल्याचं बटण दाबलं.

"कुठे निघालीस?"

"कमिटीच्या अध्यक्षाकडे. एफ्राइनच ना तो? विचारते त्याला. माझी बहीण उकाड्यात तडफडत होती तेव्हा नियम, आणि ती गेल्यावर नियम बदलला? सगळी इमारत ऐकेल असं विचारते."

लिफ्ट बंद पडली होती त्या दिवशी एफ्राइनने रामोनिताला खुर्चीसकट पाच मजले उतरवून खाली नेलं होतं. त्याचे दोन्ही खांदे आठवडाभर दुखत होते.

"आविल्दा," हेरिबेर्तो म्हणाला, "नियम कधी नव्हताच."

"म्हणजे?"

"मी तिला खोटं सांगितलं. एसी बसवला असता तर ती खिडकी कायमची बंद झाली असती. खाली अंगणात डोमिनोचा डाव चालतो. तिला एकटीला टाकून मला जाता येत नव्हतं, म्हणून मी वरून बघायचो. कुणी चुकीची सोंगटी लावली की ओरडायचो."

"डोमिनो?"

"हो."

आठव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. एफ्राइन समोरच उभा होता, अंगात बनियन, हातात कचऱ्याची पिशवी. "अरे, या या! कॉफी टाकू?"

"नको," आविल्दा म्हणाली. "चुकून वर आलो." तिने पाचाचं बटण दाबलं.

घरात आल्यावर तिने पर्स ठेवली, रामोनिताच्या खोलीत गेली आणि तो चाकांवरचा एसी चालू केला. मग खुर्ची ओढून पलंगाजवळ लावली.

"बसा इथे."

तो बसला. ती पलंगावर बसली. दुपारचे दोन वाजले होते. मशीन मोठ्याने घरघरत होतं आणि पाइपाची धग त्याच्या पोटऱ्यांना लागत होती. खाली सोंगट्यांचा आवाज सुरू झाला. तो ऐकू येताच त्याची मान आपोआप खिडकीकडे वळली. आविल्दाने ते पाहिलं. त्याने मान खाली घातली.

थोड्या वेळाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला. आविल्दाच्याही कपाळावरून घाम ओघळत होता. तिने तो पुसला नाही.

"मशीन बंद करू का?" त्याने विचारलं.

"ताई म्हणायची का, बंद कर म्हणून?"

"नाही."

"मग बसा."