दोन वाटांची माती

इटेन या पळणाऱ्यांच्या गावच्या तिठ्यावर सकाळी सहाला कोणीही यावं आणि पळावं. तू कोण, कुठला, असं कोणी विचारत नाही. शंभर-दीडशे जणांचा घोळका निघतो, आणि ज्याचं शरीर त्या दिवशी नको म्हणेल तो अर्ध्यातून गुपचूप परत फिरतो. त्याला कोणी हसत नाही, कारणही विचारत नाही. जेरोटिच अकरा वर्षं या घोळक्यात पळत होती आणि एकदाही परत फिरली नव्हती. काय बाई होती! अंगात ताप असताना पळाली, आईला माती देऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी पळाली. पुरुषसुद्धा म्हणायचे, "हिची पाठ समोर असली की आपले पाय आपोआप उचलतात."

एवढं असून राष्ट्रीय संघ तिला हुलकावणी देत होता. संघात तिघीच घेतात, आणि ही निवडीच्या शर्यतीत दोनदा चौथी आली होती. आता बत्तिसावं लागलं होतं. चार महिन्यांवर पुन्हा निवड होती, आणि ती आपली शेवटची, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा तिनं डोकं चालवलं. तिचे कोच किमारूबाबा. त्यांच्या गटाचे जोरात पळायचे दिवस मंगळवार, गुरुवार, शनिवार. मधल्या दिवशी हलकं पळायचं, खायचं, झोपायचं. पण खालच्या जंगलात दुसरा एक गट पळायचा, आणि त्यांचे जोराचे दिवस नेमके सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिथंही तू कोण विचारत नाहीत. झालं! बाई दोन्हीकडे जायला लागली. बाकीच्यांच्या दुप्पट मेहनत करते, मग बघू मला चौथी कोण ठेवतं!

पहिला महिना तिला कोणी गाठू शकेना. मग झोप गेली. दिवसभर अंग मोडून यायचं आणि अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. मक्याच्या घट्ट उगालीचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. पाळी येईना. तिच्या खोलीत राहणारी चेसांग, तिची जिवाभावाची मैत्रीण आणि बरोबरीची पळणारी, डोळे मिचकावून म्हणाली, "काय गं, गोड बातमी वाटतं?"

"नवरा आठ महिने मोंबासात, बातमी काय वाऱ्यानं येणार? शरीर शर्यतीचं झालं की असं होतं."

हे तिनं इतक्या ठासून सांगितलं की स्वतःलाही पटलं. वेडी गं! डाव्या नडगीत एका जागी, बोटानं दाखवता येईल अशा जागी, ठणका लागला होता. तो तिनं कुणालाच सांगितला नाही.

एका गुरुवारी पळून झाल्यावर सगळे चहा पीत बसले होते. किमारूबाबा तिच्या बुटांकडे बघत होते.

"आपल्या रस्त्याची माती लाल. ही तळाला काळी कुठली चिकटली गं?"

"काल जरा पाय मोकळे करायला जंगलात गेले होते, बाबा."

"आणि सोमवारी? शुक्रवारी? पायांना एवढं काय कोंडून घातलंय मी?"

जेरोटिचनं पाय मागं ओढून घेतले.

"झोपेतून उठल्यावर नाडी किती?"

"अठ्ठावन्न."

"पूर्वी बेचाळीस होती. मग तू अंथरुणात असताना तुझ्या आत कोण पळतंय?"

"मला चौथी म्हणून म्हातारी व्हायचं नाही, बाबा!" ती इतक्या जोरात ओरडली की बाकीच्यांनी कप खाली ठेवले.

बाबांचा आवाज उतरला. "माझ्या वेळी एक सायमेई म्हणून होता. आमच्यात सगळ्यात सरस. कधी परत फिरला नाही. एक दिवस शरीरानंच हात टेकले. पुढं गाईचं दूध काढून उठला तरी धापा टाकायचा. पोरी, मेहनत रस्त्यावर होते, पण पाय झोपेत बनतात. तू त्यांना बनूच देत नाहीस."

"मग काढा मला गटातून."

"रस्ता काय माझ्या बापाचा आहे? इथं कुणाला हात धरून थांबवत नाहीत. वळायचं तर तूच वळायचंस."

शनिवारी अडतीस किलोमीटरचं पळणं होतं. बाराव्या किलोमीटरला मोठी चढण लागली आणि तिच्या छातीत एक ठोका चुकला, मग दोन-तीन एकदम आदळले. नडगीत तर पाय टेकला की कळ. समोर चेसांगची पाठ दिसत होती. अकरा वर्षांत ती पाठ तिला चढणीवर कधी दिसली नव्हती. दात खा आणि गाठ तिला, असं अंगात भिनलेलं सगळं ओरडत होतं. पुन्हा एक ठोका चुकला, आणि ती घाबरली. खरंच घाबरली.

ती थांबली आणि वळली. समोरून सगळा घोळका चढण चढत अंगावर येत होता. तो मधोमध दुभंगला, तिला वाट दिली, आणि कोणी एक शब्द बोललं नाही. चढताना ती कधी रडली नव्हती. उतरताना मात्र ढसाढसा रडली.

त्याच दुपारी एल्डोरेटच्या डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "हाडाला चीर आहे, रक्त पार कमी झालंय, हृदयही दमलंय. आणखी पंधरा दिवसांत हाडाचे दोन तुकडे झाले असते. पाच महिने पळायचं नाव काढू नका. पोटभर खा, पाळी परत येऊ दे." निवड दोन महिन्यांवर होती. संपलं सगळं.

त्या संध्याकाळी चेसांग तिच्या खाटेपाशी बसली आणि स्वतःचे बूट उलटे करून दाखवले. तळाला वाळलेली काळी माती होती.

"तू कुठं जातेस ते मला कळलं होतं. म्हटलं, ही जाते तर मी का मागं राहू? तू सकाळी जाऊन आलीस की संध्याकाळी मी एकटीच गुपचूप जायला लागले. माझीही झोप उडाली होती. पण आज चढणीवर मागं बघितलं, तर जी कधी वळत नाही ती वळत होती. आता नाही जाणार."

"गाढवे! मला सांगायचं नाही?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता जेरोटिचनं तिचा हात घट्ट धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

निवडीत चेसांग तिसरी आली. कठड्याला धरून जेरोटिच घसा बसेपर्यंत ओरडत होती. जळली का? जळली, खोटं कशाला बोला! तरी सगळ्यात मोठा आवाज तिचाच होता.

पाच महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, फक्त वीस मिनिटांची. सहाला ती तिठ्यावर हजर. पाळी परत आली होती, नाडी खाली उतरली होती, आणि पाय कसे हलके, स्वतःचे वाटत होते. विसाव्या मिनिटाला टेकाड समोर आलं. पाय म्हणत होते, चल ना! पुढच्या वर्षीची निवड तिच्या डोळ्यांसमोर होती. तिनं घड्याळ पाहिलं आणि वळली.

मागून गाडी घेऊन येणाऱ्या किमारूबाबांनी काच खाली केली. "दुखतंय काही?"

"काहीच नाही, बाबा. अजून तासभर पळाले असते."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इथं परत फिरणाऱ्याला कारण विचारत नाहीत, आणि आज आपण ते विचारून बसलो, हे त्याच्या तेव्हा कुठं लक्षात आलं.