सत्ताविसावा अंक

"आल्या का महाराणी," शिवराज म्हणाला आणि उठून ट्रंकेवर जाऊन बसला.

मुद्दाम बसला. बद्रीनाथ गुरुजींच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, सतरंजी होती, खिडकीचा कट्टा होता. पण आमरीनला जे हवं होतं ते त्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं, आणि ते शिवराजला ठाऊक होतं.

आमरीन उंबऱ्यातच थांबली. पाच महिन्यांनी ती या खोलीत येत होती.

"अंक दे," ती म्हणाली. "अठ्ठावीसपासून पुढचे सगळे."

"लई दिवसांनी आठवण झाली आमची."

"अम्मीचं ऑपरेशन होतं. मला नानीकडं ठेवलं होतं, खुलताबादला. तिथल्याच शाळेत जात होते."

"खुलताबाद काय दुबईला आहे का?" तन्वीर सतरंजीवर पालथा पडून चित्र रंगवत होता, तो मान वर न करताच बोलला. "तासाभरात एसटी येती."

सोनिया खिडकीत बसून पेन्सिलीला टोक करत होती. टोक केव्हाच झालं होतं, तरी ती करतच होती.

या चौघांनी दोन वर्षांपूर्वी एक जग उभं केलं होतं. त्याचं नाव 'बावन्न'. शहराला बावन्न दरवाजे होते असं म्हणतात, त्यावरून. प्रत्येक दरवाजाला एक राखणदार आणि प्रत्येक राखणदाराला एक शक्ती. शिवराजचा भडकल्या, भडकल दरवाजाचा, ज्याच्या मुठी पेटायच्या. तन्वीरचा बारापुल्या, ज्याचे हात लांब होऊन त्यांचे पूल बनायचे. सोनियाची दिवटी, रोशन गेटची, जिच्या दिव्यापुढे कुठलंच कपट लपायचं नाही. आणि आमरीनची नहरी. तिला दरवाजा नव्हता. शहराच्या पोटातून जुन्या नहरी गेल्या आहेत, त्या पाण्यातून ती कुठेही निघायची. या सगळ्यांचा वैरी एकच, कुलूपराव. त्याला सगळे दरवाजे कायमचे बंद करायचे होते.

चित्रकलेच्या एका वहीत एक अंक. पाळीपाळीनं एकेकानं काढायचा, पण गोष्ट सगळ्यांची एकच चालायची. नियम ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेले होते. दुसऱ्याचा राखणदार मारायचा नाही, त्याचा दरवाजा उघडायचा नाही. एकदा लिहिलेलं पुढं खोटं ठरवायचं नाही. स्वप्न होतं, जुळी बहीण होती, असल्या सबबी चालणार नाहीत. मागचे सगळे अंक वाचून ट्रंकेतल्या रजिस्टरात सही केल्याशिवाय पुढचा काढायला घ्यायचा नाही. आणि मोबाइलनं फोटो काढायचा नाही, कारण तन्वीरनं एकदा काढला होता आणि तो वर्गाच्या ग्रुपवर जाऊन आठवडाभर हसं झालं होतं. म्हणून प्रत्येक अंकाची जगात एकच प्रत होती.

आता एकोणपन्नास अंक झाले होते. पन्नासावा येत्या रविवारी, चौघांनी मिळून. त्यात सगळे राखणदार एकत्र येणार आणि कुलूपरावाशी शेवटची लढाई होणार.

"जो पन्नासमध्ये नाही, तो पुढं बावन्नमध्येच नाही," शिवराज म्हणाला. "ठरलंय आमचं. आज बुधवार आहे. बावीस अंक वाचायचेत तुला."

"वाचते."

"आणि सत्तावीस? तो कुठाय?"

सोनियाची पेन्सिल थांबली.

सत्तावीस सोनियाचा होता. तिनं तो तीन आठवडे खपून काढला होता आणि सगळ्यांच्या आधी आमरीनच्या हातात दिला होता. आमरीननं तो एका रात्रीत वाचला. दुसऱ्या दिवशी अब्बांनी घाईघाईत तिला खुलताबादच्या गाडीत बसवलं, आणि अंक तसाच दप्तरात गेला.

"घरी आहे," आमरीन म्हणाली.

"मग उद्या आण."

"आणते."

शिवराज ट्रंकेवरून उठला, पण अंक त्यानं हातात दिले नाहीत. सतरंजीवर टाकले.

बुधवारी तिनं सात अंक वाचले. पहिल्याच अंकानं तिचे कान तापले. अठ्ठाविसाव्या अंकाच्या पहिल्या पानावर दिवटी रिकाम्या हातानं रोशन गेटखाली उभी होती, आणि खाली लिहिलं होतं, 'नहरीनं दिवा चोरला आणि ती पाण्यात नाहीशी झाली.' अक्षर सोनियाचं होतं; सत्तावीस गेल्यावर हाही अंक तिनंच काढला होता.

"हे काय आहे?" आमरीननं विचारलं. "नहरी चोर?"

"दिवा गेला. नहरी गेली. दोघं एकाच दिवशी," तन्वीर म्हणाला. "तूच सांग आता काय ते."

"मला विचारायचं तरी होतं."

"कुणाला विचारायचं होतं?" सोनिया पहिल्यांदा बोलली. "फोन लावला की तुझे अब्बा म्हणायचे, नंतर कर. किती वेळा नंतर करू?"

आमरीननं पुढचा अंक उघडला. एकतिसाव्या अंकात शहराला आठ दिवसांनी पाणी येत होतं, अगदी खऱ्यासारखं. हंडे घेतलेल्या बाया म्हणत होत्या, नहरी पळाली म्हणून नळ कोरडे. तेहतिसाव्यात भडकल्यानं भिंतीवर जळत्या बोटानं लिहिलं होतं, 'नहरी दिसेल तिथे धरा.' ते चित्र शिवराजला चांगलंच जमलं होतं. तिला जास्त राग त्याचाच आला.

गुरुवारी शिवराजनं दारातच विचारलं, "सत्तावीस?"

"विसरले."

"अंक विसरती, पण इथं यायचं नाय विसरत."

बद्रीनाथ गुरुजी हे सगळं पाहत होते. चित्रकलेचे मास्तर म्हणून तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. पोरांना खोली दिली होती, कागद देत होते, पण त्यांच्या गोष्टीत कधी तोंड घालत नव्हते. त्यांनी आमरीनपुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "घाईनं वाचू नकोस. चित्रातले हात बघत जा. पोरं हात काढताना खोटं बोलत नाहीत."

शुक्रवारी दुपारी ती चव्वेचाळिसाव्या अंकाशी आली. तोही सोनियाचाच. त्यात फार काही घडत नव्हतं. कुलूपरावानं चाळीस दरवाजांना टाळं ठोकलं होतं, शहर काळोखात होतं, आणि दिवटी भिंत चाचपत एकटीच चालली होती. एका चौकटीत बारापुल्या आपला लांब हात पुढं करतो. दिवटी आपले दोन्ही हात पाठीमागं घेते. म्हणते, "नको. एकदा धरला होता."

पुढं काही नाही. पुढच्या चौकटीत ती पुन्हा भिंतीला हात लावून चालते आहे.

आमरीननं ते पान पुन्हा पाहिलं. मग तिला पान उलटवेना.

कारण हात कुणाचा धरला होता, हे बावन्नच्या दुसऱ्या कुठल्याच अंकात लिहिलेलं नव्हतं. ते फक्त सत्ताविसाव्यात होतं. त्या अंकात दिवटीचा दिवा विझतो आणि नहरी तिचा हात धरून तिला सगळ्या शहरातून, चिंचोळ्या बोळांतून, पार रोशन गेटपर्यंत आणते. वीस पानं. नुसतं चालणं. तो अंक जगात दोघींनीच पाहिला होता. जिनं काढला तिनं, आणि जी तो घेऊन गेली तिनं.

तिनं दप्तर उघडलं. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी होतं, ते काढून सतरंजीवर ठेवलं.

"घरी नव्हता. रोज दप्तरातच होता," ती म्हणाली. "जाताना गाडीत पाण्याची बाटली सांडली. नानीच्या गच्चीवर वाळवला, पण नाय झालं काही."

वही पापडासारखी कडक झाली होती. पानं एकमेकांना चिकटली होती. जिथं दोन पानं सुटत होती, तिथं स्केच पेनचे रंग एकात एक मिसळून नुसता जांभळा डाग उरला होता.

शिवराजनं ती उचलली आणि खाली ठेवली. "पहिल्याच दिवशी भिजला? आणि पाच महिने गप बसलीस?"

"व्हय."

"आम्हाला वाटलं तू दाबून ठेवला. त्यापेक्षा हे लई वाईट आहे. परवापण खोटं बोललीस."

"व्हय. बोलले."

सोनिया कट्ट्यावरून उतरली. तिनं वहीला हात लावला नाही, जवळूनसुद्धा पाहिलं नाही. चप्पल घातली आणि निघून गेली. तिच्या मागोमाग तन्वीर गेला. शिवराज जाताना दारात थांबून म्हणाला, "परवा येऊ नको. नहरीला कुणी मारलं नाही, हे नशीब समज."

खोलीत आमरीन उरली आणि गुरुजी उरले. तिनं बाकीचे पाच अंक वाचून टाकले, कारण वाचायचं म्हणून ती आली होती. मग ट्रंकेतलं सह्यांचं रजिस्टर उघडलं. सत्तावीसच्या ओळीत कुणाचीच सही नव्हती; तेवढी ओळ सोडून सगळे पुढं गेले होते. त्या अंकाच्या जागी ट्रंकेत एक कोरी वही ठेवलेली होती, वर आकडा घातलेली. अंकांची रांग मोडू नये म्हणून.

तिनं ती वही बाहेर काढली.

"गुरुजी, मला चित्र नाही येत. म्हणजे सोनियासारखं."

"रेघ येते ना?"

"रेघ येते."

"पट्टी घे. आधी चौकटी पाड. कुठल्या पानावर किती होत्या, ते आठवतंय का?"

आमरीननं डोळे मिटले. "पहिल्यावर चार. दुसऱ्यावर एकच मोठी."

"मग आठवतंय की. बस."

ती शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बसली, शनिवारी सकाळपासून बसली. दिवटीचं नाक तिला एकदाही जमलं नाही. बोळ वाकडे झाले, माणसं काड्यांसारखी झाली. गुरुजींनी एकदाही तिच्या हातातली पेन्सिल घेतली नाही. पण हात काढताना ती प्रत्येक वेळी खोडून पुन्हा काढायची, तेव्हा त्यांनी खोडरबर मात्र दोनदा बदलून दिला. एक पान सोडलं तर तिला सगळं आठवत होतं, बोळातली शेळीसुद्धा, जिच्यावर दिवटी धडपडते. त्यानंतरचं दिवटीचं वाक्य आठवून तिला हसू आलं आणि लगेच विरलं.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

"हिला सांगितलं होतं ना," शिवराज म्हणाला.

आमरीननं वही सोनियापुढं ठेवली.

सोनियानं आकडा पाहिला. मग तिनं पहिलं पान उघडलं.

"ही दिवटी आहे का?" ती म्हणाली. "मला वाटलं झाडू आहे."

तन्वीर फिस्सकन हसला. सोनिया नाही हसली. तिनं कंपासमधून लाल पेन्सिल काढली. तिसऱ्या पानावर एक खूण केली. "पदर उजव्या खांद्यावर होता." सातव्यावर आणखी एक. "इथं पायऱ्या पाच नव्हत्या, तीन होत्या." अकराव्या पानावर शेळी होती. तिथं ती थांबली, आणि खूण न करता पुढं गेली. चौदावं पान तिनं उभं-आडवं धरून बघितलं. "हे पान सगळंच चुकलंय."

"मला तेवढंच आठवत नव्हतं."

"दिसतंय."

विसावं पान संपवून तिनं वही शिवराजकडं सरकवली. "वाचा. मग सह्या करा."

दोघांनी वाचायला वेळ घेतला. बारापुल्याचा हात दिवटीनं का नाकारला, ते तन्वीरला आता कळलं असावं, कारण तो एकदा सोनियाकडं बघून परत खाली बघायला लागला. शिवराजनं सही करून पेन खाली ठेवलं. "तरी दिवा तिनंच नेला," तो म्हणाला. "लिहिलेलं खोटं ठरवायचं नाही."

"मी खोटं म्हणतच नाही," आमरीन म्हणाली. "तिनंच नेला."

तिनं सत्तावीसच्या ओळीत सही केली, मग अठ्ठावीसपासून एकोणपन्नासपर्यंत एकेक. कुणी अडवलं नाही. मग तिनं पन्नासावा अंक पुढं ओढला. पहिलं पान कोरं होतं. खालच्या कोपऱ्यात तिनं पट्टीनं एक छोटी चौकट पाडली आणि त्यात नहरी काढली, काड्यांचीच. ओले केस, हातात दिवा. पुढं भलामोठा दरवाजा यायला हवा होता, पण तिनं ती जागा कोरी सोडली. रोशन गेट काढायचा हक्क तिचा नव्हता.

वही तिनं सोनियाकडं सरकवली.

बाहेर टँकर आला होता, लोक हंडे घेऊन पळत होते, कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं. सोनियानं टोक केलेली पेन्सिल घेतली आणि दरवाजा काढायला घेतला. दोन्ही फळ्या काढल्या, त्यांवरचे खिळे एकेक करून काढले, आडवा अडसर काढला. दरवाजा बंद होता. घट्ट बंद.

आमरीननं मान खाली घातली.

"थांब ना," सोनिया वैतागून म्हणाली. "झालं नाय अजून."

मोठ्या दरवाजाला माणसापुरती एक दिंडी असते, ती तिनं उजव्या फळीत खाली काढली. छोटीशी, वाकून आत जावं लागेल अशी. तिला बिजागऱ्या काढल्या, उंबरा काढला. कडी तेवढी रेखाटली नाही.

मग तिनं वही शिवराजकडं ढकलली. "घे. पुढचं तू कर."