रुद्राणीचा पंचनामा

गुंडप्पाची मोसंबीची बाग पार वाळून गेली, म्हणून तलाठी पंचनाम्याला आले होते. जळकोट तालुक्यातली अर्धी गावं टँकरवर होती. सोप्यात पंच बसले, सह्या झाल्या. फक्त गुंडप्पाची राहिली. तेवढ्यात तलाठ्यांनी दुसरा कागद काढला.

"हे तुमच्या रुद्रप्पाच्या ओळखपत्राचं. पंच बसलेच हायेत, याचाबी उरकून टाकू."

"रुद्रप्पा न्हाई, रुद्राणी! माझी अक्का हाय ती." दारातून दहावीतली महादेवी कडाडली.

रुद्राणीला नर्सिंगला जायचं होतं. दाखल्यावर मुलगा, अंगावर पंजाबी ड्रेस. कॉलेजनं ट्रान्सजेंडर असल्याचं सरकारी ओळखपत्र मागितलं होतं, सोमवारच्या आत. कायदा म्हणतो, ज्याचं त्यानं शपथपत्र द्यावं, अंगाची तपासणी नको. महादेवीनं तो मोबाइलवर वाचून भाषणासारखा घोकला होता.

"साहेब, शपथपत्र जोडलंय की!"

"हाय गं. पण वरून विचारलं तर? पंचांनी सांगावं, बाई का बाप्या."

पंचांतले शेषेराव तंबाखू मळत खिदळले, "आम्ही काय बघितलंय व्हय? दाखवा म्हणावं!"

सगळा सोपा हसला. चहाचा ट्रे घेतलेली रुद्राणी जागीच थिजली. महादेवीच्या मात्र कानशिलांत जाळ पेटला.

"मोसंबीला बोलता येत न्हाई, म्हणून तिला पंच लागत्यात. माझ्या अक्काला तोंड हाय! आन् शेषेराव काका, तुम्ही बाप्या हाव म्हणून कुण्या पंचानं सही दिलीय?"

शेषेरावांचा अंगठा तळहातावरच थांबला.

"लई बोलायलीस पोरी," तलाठी कागद मिटत म्हणाले. "मग थांबा. उदगीर जिल्हा व्हायचाय म्हणत्यात. द्या अर्ज नव्या कचेरीत."

"जिल्हा होईस्तोवर अक्कानं काय म्हणून जगायचं?"

रुद्राणीनं ट्रे खाली ठेवला, कोरा कागद ओढला आणि लिहिलं : माझी पाहणी मला मान्य नाही. खाली सही, रुद्राणी गुंडप्पा.

"याची पोच द्या, साहेब."

"अशी पोच देता येत न्हाई."

तेव्हा इतका वेळ जमिनीकडं बघत बसलेला गुंडप्पा खाकरला. "तिला पोच न्हाई, तर माझीबी सही न्हाई. जाऊ द्या बागेची भरपाई."

त्याच्या सहीवाचून बागेचा पंचनामा अपुरा राहिला असता. तलाठ्यांनी पोच दिली, शिक्का असा आपटला की टेबल हललं. महादेवीचा राग तरी उतरेना. साध्या पोचेसाठी बापानं बाग पणाला लावायची? हा कुठला कायदा?

"अक्का, लातूरची बस हाय आत्ता. चल, वरच्या कलेक्टर साहेबालाबी मी चांगलं सुनावते."

रुद्राणीनं ओढणी नीट केली.

"तू ये संगट," ती म्हणाली. "पण तिथं मी बोलणार."