उंबऱ्यापुढचा बर्फ

फावडं आलं तेव्हा त्याचं खोकं लेकीच्या, मुक्ताच्या पाळण्यापेक्षा मोठं होतं. अंबरीशने बुधवारी दुपारी ते दारातून आत ओढून घेतलं आणि रुखवतातली काचेची भांडी काढावीत तशा हळुवार हातांनी त्यातला फोम बाजूला केला. चारशे रिव्ह्यू वाचून मागवलेलं फावडं होतं ते. पाठ दुखू नये म्हणून दांड्याला बाक, हाताला गार लागू नये म्हणून रबर, आणि पातं असं निळं, पातळ, चकचकीत, की त्याच्या बायकोला, गुंजनला, मुक्ताच्या आंघोळीचा टब आठवला.

"पॉलिकार्बोनेट," अंबरीश म्हणाला.

"प्लास्टिक," गुंजन म्हणाली.

"तुला फरक कळत नाही."

"बर्फाला कळेल."

तिला चेष्टा सुचत होती खरी, पण लक्ष उद्याकडे होतं. गुरुवारी अकरा वाजता ॲथलोनला एका लॅबमध्ये तिची मुलाखत होती. पुण्यात पाच वर्षं तिने हेच काम केलं होतं. इथे परदेशात, मलिंगारला आल्यापासून दोन वर्षं घरात. प्रश्नोत्तरांची फेरी ऑनलाइन झाली होती. आता हातांनी काम करून दाखवायचं होतं, ते काही लॅपटॉपवरून जमणार नव्हतं. बस बंद होती, टॅक्सीवाले फोन उचलत नव्हते. उरली घरची गाडी. आणि गाडी रविवारपासून घरासमोरच्या उतारावर चार बोटं जाड बर्फात रुतून बसली होती.

बर्फ सगळ्या कॉलनीत पडला होता. पण इतरांचा भुसभुशीत. सोमवारी लोकांनी झाडूने लोटला आणि कामाला गेले. यांच्याच दारापुढे काचेसारखी लादी कशी जमली, याचा उलगडा होईना. अंबरीशने मात्र केला होता. जमिनीखालचा पाइप फुटला असणार म्हणून त्याने कॉलनीच्या व्यवस्थापनाला आकृतीसकट ईमेल पाठवला होता. शिवाय मराठी मंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. तिथे सारंगने सल्ला दिला, 'उकळतं पाणी ओत, दोन मिनिटांत साफ.' सारंग दूर शहरात, सँडीफोर्डला चौथ्या मजल्यावर राहायचा. त्याच्या दारापुढे लिफ्ट होती. तरी अंबरीशने त्याचं ऐकून मंगळवारी सात किटल्या ओतल्या. वाफ छान निघाली. संध्याकाळपर्यंत त्या पाण्याचाही बर्फ झाला.

गुरुवारी पावणेनऊला उजाडलं. अंबरीश स्की जॅकेट घालून बाहेर पडला, पाय फाकवून उभा राहिला आणि त्याने पहिला घाव घातला. टक्क. पात्याचा एक कोपरा उडून गाडीखाली गेला. दुसऱ्या घावाला पातं मधोमध तडकलं.

गुंजन मुक्ताला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने हात लांबवून दांडा घेतला आणि त्यावरची बारीक अक्षरातली चिकटपट्टी मोठ्याने वाचली. "फक्त ताज्या, कोरड्या हिमासाठी. बर्फ फोडण्यासाठी वापरू नये."

"हे रिव्ह्यूत कुणी लिहिलं नव्हतं," अंबरीश म्हणाला.

"दांड्यावर लिहिलंय, अंबरीश. दांड्यावर!"

समोरच्या घरातला फिंटन कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, गेल्याच वर्षी डोळ्यांमुळे गाडी चालवणं सोडलेला. त्याने तडकलेलं पातं नीट न्याहाळलं.

"ग्रँड आहे हो," तो म्हणाला. बरं असो, वाईट असो, इथले लोक सगळ्याला 'ग्रँड'च म्हणायचे. "उन्हाळ्यात समुद्रावर न्या. पोरीला वाळूचा किल्ला करायला."

मग तो आपल्या शेडमध्ये गेला आणि दोन वस्तू घेऊन आला. एक लांब दांड्याचं सपाट पोलादी फावडं, त्याची धार वापरून वापरून उजळलेली. दुसरं लॉनच्या कडा कापायचं हत्यार, काठीच्या टोकाला अर्ध्या चंद्रासारखं पातं, वर पाय ठेवायला जागा. दोन्ही त्याने अंबरीशच्या हातात दिली, क्षणभर विचार केला, आणि परत घेऊन गुंजनच्या हातात दिली.

अंबरीशचा चेहरा पाहून गुंजनला हसू आलं, पण ते गिळून तिने मुक्ता त्याच्याकडे सोपवली.

"मधोमध मारत बसू नको," फिंटन म्हणाला. "कडेने चीर पाड. मग खाली शिर आणि उचल."

तिने अर्धचंद्र दारालगत टेकवला आणि त्यावर सगळं वजन दिलं. काही झालं नाही. दुसऱ्यांदा ती चक्क त्यावर चढून उभी राहिली. कर्र असा आवाज झाला. तिने चिरेत पोलादी फावडं घातलं, दांडा खाली दाबला, आणि परातीएवढा एक तुकडा उचकटून पायऱ्यांशी उभा राहिला.

त्याच्या कापलेल्या कडेकडे गुंजन बघतच राहिली.

वर गोठलेल्या दवाची पांढरी साय होती, म्हणून आजवर काही दिसलं नव्हतं. खाली बर्फाचे थर होते. आणि प्रत्येक थरात पिवळा आणि लाल ठिपका. हळद. कुंकू. वर पांढऱ्या रांगोळीची पुसट रेघ. मग पुन्हा बर्फ, पुन्हा हळद, पुन्हा कुंकू. तिने मोजले. चार. सोमवार, मंगळवार, बुधवार आणि आज.

"आई," तिने आत हाक मारली. आवाज जितका शांत ठेवता येईल तितका शांत ठेवून. "आई, जरा बाहेर येता का?"

सासूबाई, नंदाताई, दिवाळीनंतर वर्ध्याहून आल्या होत्या. अंगावर दोन स्वेटर, त्यावर शाल, त्यावर अंबरीशचं जुनं जॅकेट. त्यांनी तो तुकडा पाहिला, मग सुनेकडे पाहिलं, मग नजर आभाळाकडे नेली.

"आई, तू इथे सडा टाकतेस?" अंबरीश म्हणाला.

"मंग? उंबऱ्यापुढं पाणी टाकल्याबिगर चहा घशाखाली जात नाही माह्या. तुम्ही उठता आठाले. माह्यं सहालेच होऊन जाते."

"किती पाणी?"

"दोन बादल्या. थंडी आहे म्हणून गरम टाकून राह्यली होती," नंदाताई म्हणाल्या, जणू बर्फाची काळजी घेतल्याबद्दल कुणी आभार मानावेत.

"अगं, मी तीन दिवस पाइप शोधतोय! तेव्हा बोलली का नाहीस?"

"म्हटलं, एवढा शिकलेला पोरगा पायपाची गोष्ट करून राह्यला, तं पायपच असन." त्यांनी तडकलेलं निळं पातं पायाने बाजूला सारलं. "अन् मले काय इचारतं? म्या बादल्या टाकल्या, तं तू किटल्या टाकल्या. माह्यं निदान देवासाठी होतं."

फिंटनला एक शब्द कळला नव्हता, तरी तो खाली बघून खांदे हलवत होता.

गुंजन रागावणार होती. तिच्याजवळ राग तयारही होता, पण घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दहाला निघायचं होतं. रागाला लागणारी पाच मिनिटं तिच्याकडे नव्हती. तिने पुन्हा अर्धचंद्र टेकवला.

"अशी नोको," नंदाताई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचावा तशी शाल कमरेला खोचली आणि पोलादी फावडं उचललं. "तू चीर पाड, मी उखलतो. दूध करपलं का भांड्याचं बूड कसं खरवडतो आपण? काठापासून. मधातून खरवडलं तं बूड जाते."

दोघी उताराला लागल्या. सगळी लादी काढायची नाही, एवढं गुंजनने ठरवलं. चाकांपुरते दोन पट्टे बस. ती पात्यावर चढायची, कर्र वाजायचं, सासूबाई खालून उचकटायच्या आणि तुकडा बाजूला ढकलायच्या. हळदीकुंकवाचा ठिपका दिसला की त्या तो तुकडा हाताने उचलून झुडपाच्या मुळाशी नेऊन ठेवायच्या.

"आई, वेळ!"

"त्याच्यावर पाय पडू द्यू का आता?"

अंबरीश मुक्ताला घेऊन दारात उभा राहून सांगत होता की कोन तीस अंशांचा ठेवला तर जोर कमी लागेल.

"तू तोंड ठेव बंद, त्याच्यानंबी जोर कमी लागन," त्याची आई म्हणाली.

पावणेदहाला गुंजनच्या उजव्या तळव्याला फोड आला. दहाला तो फुटला. दहाला पाच मिनिटं झाली तेव्हा दोन्ही पट्टे रस्त्याला भिडले होते, पण त्यांच्यावर पातळ गुळगुळीत पापुद्रा उरला होता, आणि समोर होती फिंटनची दगडी भिंत. फिंटनने चुलीतली राख भरलेली बादली आणली. राख पाहून नंदाताईंचा चेहरा खुलला. या देशात आल्यापासून पहिल्यांदा कुणी ओळखीची वस्तू काढली होती. त्यांनी ओंजळी भरभरून ती दोन्ही पट्ट्यांवर पेरली, बी पेरावं तशी, मागे मागे सरकत.

गुंजनने गाडी सुरू केली. चाकं एकदा जागच्या जागी फिरली, त्यांनी राखेवर पकड घेतली आणि मग गाडी म्हातारीने जिना उतरावा तशी सावकाश खाली आली. काचेतून तिला मुक्ता दिसली. बाबाच्या खांद्यावरून दोन्ही हात पुढे काढून ती रडत होती.

"थांबू नको व," नंदाताई ओरडल्या. "थांबली का गाडी रुतन. पोरगी रडन अन् मंग उगी राहीन. मी आहो न!"

गुंजन थांबली नाही. वळणाच्या पलीकडे, कुणी बघत नसताना, तिने बाहीने डोळे पुसले आणि ॲथलोनचा रस्ता धरला.

ती पोचली अकराला दोन मिनिटं कमी असताना. केसांत राख होती. दारावरच्या बाईने विचारलं, "रस्ते फार वाईट आहेत का?"

"ग्रँड," गुंजन म्हणाली.

आत तिला पांढरा कोट दिला, हातमोजे दिले. फुटलेल्या फोडावर रबर ओढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबलावर बारा नळ्या मांडून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे हातात यादी घेऊन दोन अनोळखी माणसं उभी होती. तिने पिपेट उचललं. दोन वर्षांत अंगठा ते विसरला असेल अशी तिला भीती होती.

पहिला थेंब नळीत बरोबर पडला. दुसऱ्याच्या वेळी तिला मुक्ताची आठवण आली, आणि तोही बरोबर पडला.