वारेताईंची कात्री

वारेताईंनी मॉडेलचा आकडा जसाच्या तसा नियंत्रण कक्षाला पाठवून दिला. आज कात्री लावायलाही अंगात त्राण नव्हतं.

पवनचक्क्यांतून पुढच्या काही तासांत किती वीज मिळेल, हे संगणकावरचं मॉडेल सांगायचं. वर्षानुवर्षांचे वारे घोकून घोकून ते शहाणं झालेलं. आकडा पुढे पाठवणं एवढंच वारेताईंचं काम. पण वीज कमी पडली की बोलणी त्यांनाच खावी लागत, मॉडेलला नाही. त्यामुळे त्या रोज गुपचूप आकडा थोडा कापूनच पाठवत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

लगेच नियंत्रण कक्षातल्या दादांचा फोन आला.

"आज किती कापलंत, वारेताई?"

"काही नाही हो. आहे तसा पाठवलाय."

"रोज हेच म्हणता!" दादा हसले. "असू दे, मी नेहमीसारखी वर भर घालतो."

"दादा, आज खरंच..."

फोन बंद झाला होता. पुन्हा लावायचा त्यांना कंटाळा आला. तेवढ्यात आईचा फोन.

"लवकर ये गं. छातीत कसंतरीच होतंय."

आईला रोज काही ना काही व्हायचं. कधी जीव घाबरायचा, कधी डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांकडे न्यावं तर सगळं ठणठणीत. आईच्या बोलण्यातलं अर्धं सोडून द्यायची वारेताईंना सवयच लागली होती. नाहीतर नोकरी कधीच सुटली असती.

"जरा पडून राहा. काम संपलं की येतेच."

संध्याकाळी मॉडेलने सांगितली होती तेवढीच वीज आली. दादांनी जास्त धरून दुसरीकडचे वीजनिर्मितीचे संच बंद ठेवले होते. वीज अपुरी पडली आणि अर्धं शहर अंधारात गेलं. वारेताईंच्या टेबलावरचा संगणक तेवढा बॅटरीवर चालू राहिला.

दादांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पार उतरला होता.

"तुम्ही खरंच कापलं नव्हतंत?"

"सांगितलं होतं ना."

"रोजच सांगता हो. आजचं खरं आहे, हे मी कसं ओळखायचं?"

वारेताईंना राग आला नाही. दादांचं काय चुकलं होतं? मग आईचा फोन आठवला आणि त्यांनी घाईघाईने घरचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला.

"आई, कसं वाटतंय गं?"

"बरं आहे." आवाज अगदी बारीक. "तू तुझं काम आटप. घाई करू नकोस."

वारेताई पर्स तशीच खुर्चीवर टाकून धावल्या. लिफ्ट बंद होती. कठडा धरून अंधारात जिना उतरता उतरता त्यांनी शेजारच्या वहिनींना फोन लावला.

"वहिनी, आमच्याकडे जा. आत्ताच्या आत्ता."

"अहो, रोजचंच ना ते? काय म्हणतायत आज?"

वारेताईंना धाप लागली होती.

"आज ती बरं आहे म्हणाली, वहिनी."